अकरा जणांचा एकच फळा

आमच्या संस्थेत अकरा माणसं आहेत आणि ती अकरा जणं एका खोलीत वर्षातून एकदाच बसतात. पाच जण तालुक्यांत असतात: औसा, कळंब, सेनगाव, रिसोड आणि मेहकर. बाकीचे लातूरच्या कार्यालयात, त्यातलेही दोघं-तिघं कायम एसटीत. आमचं काम सोयाबीन पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्यांबरोबर. शेतीशाळा घ्यायच्या, बीजप्रक्रिया शिकवायची, उगवण चाचणी करून घ्यायची, पेरणी रुंद वरंबा-सरीवर करायला लावायची. एका बैठकीसाठी सगळ्यांना लातूरला बोलवायचं तर मेहकरच्या दादाचे दोन दिवस मोडतात. म्हणून आमच्या बैठका ऑनलाइन होतात आणि गेली पाच वर्षं त्या मी घेते.

पहिल्या दोन वर्षांत मी एक मोठी चूक केली. मी माझी स्क्रीन दाखवायचे आणि लोक बोलतील तसं स्वतः टाइप करत जायचे. बोलणारे तिघंच असायचे, आणि तेच तिघं. उरलेले "हो ताई, बरोबर आहे" म्हणून बैठक सोडायचे. वर्षअखेरीला सगळे भेटलो की चहाच्या वेळी ओट्यावर बसून खऱ्या गोष्टी कळायच्या आणि मला वाटायचं, हे बैठकीत का नाही आलं? नाही आलं, कारण तो फळा माझा होता. त्यांच्या हातात खडू कधी दिलाच नव्हता.

आम्ही ऑनलाइन व्हाइटबोर्ड वापरायला लागलो तो एवढ्याचसाठी. बैठकीत जो कधी तोंड उघडत नाही, त्याच्या मनातलं फळ्यावर यावं. पुढे सांगते ती प्रत्येक गोष्ट, अगदी कुलूप लावण्यापासून टिकल्या मोजण्यापर्यंत, त्यासाठी आहे. तुमची टीम आयटी कंपनीतली असो, शाळेतली असो की सहकारी बँकेतली, यातलं बहुतेक जसंच्या तसं चालेल. आमच्याकडे शब्द साधे ठरले आहेत: व्हाइटबोर्ड म्हणजे फळा, स्टिकी नोट म्हणजे चिठ्ठी, फ्रेम म्हणजे चौकट आणि मत द्यायचा ठिपका म्हणजे टिकली. पहिल्या दिवसापासून हेच शब्द वापरा. "स्टिकी ड्रॅग करून फ्रेममध्ये टाका" म्हटलं की निम्मे लोक गप्प होतात, "चिठ्ठी उचलून चौकटीत ठेवा" म्हटलं की हात चालायला लागतात.

आधी प्रश्न, मग फळा

कार्यशाळा फसते ती बहुधा आमंत्रणातच. "खरीप आढावा बैठक" असं लिहिलं की लोक आढावा द्यायला येतात. गेल्या वर्षी किती गावं, किती शेतीशाळा, किती उपस्थिती, एवढं वाचून दाखवतात आणि जातात. आढावा हा विषय झाला, प्रश्न नव्हे. फळ्यावर चिठ्ठी लिहायची तर समोर प्रश्न लागतो, आणि तो असा लागतो की त्याचं उत्तर लिहायला स्वतःच्या अनुभवाखेरीज काही लागू नये.

एप्रिलमधल्या आमच्या कार्यशाळेचं उदाहरण देते. घरचं सोयाबीन बियाणं पेरायचं असेल तर आधी त्याची उगवण तपासावी लागते. गोणपाट ओलं करायचं, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि पाच-सहा दिवसांनी उगवलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर बियाणं चांगलं. खर्च शून्य. आम्ही हे गावोगावी शिकवलं होतं आणि तरी बऱ्याच घरांत चाचणी न करताच पेरणी झाली होती. मी आधी प्रश्न लिहिला होता: "उगवण चाचणीचा प्रसार कसा वाढवावा?" असा प्रश्न ठेवला असता तर मेळावे, पोस्टर, व्हिडिओ अशाच चिठ्ठ्या आल्या असत्या, कारण प्रसाराचं उत्तर प्रसारच असतं. दोन दिवस तो प्रश्न घोळवला. शेवटी असा लिहिला: "तुम्हाला माहीत असलेलं एक घर डोळ्यांसमोर आणा, जिथे चाचणी झाली नाही. तिथे नेमकं कुठे अडलं?"

एक घर. या दोन शब्दांनी सगळा फरक पडला. प्रश्न तयार झाला की टीममधल्या एकाला फोन करून तो वाचून दाखवा आणि त्यानं लगेच काहीतरी खरं सांगितलं का ते पाहा. "म्हणजे काय ताई?" असं आलं तर प्रश्न पुन्हा लिहा.

फळा आदल्या दिवशी तयार हवा

रिकामा पांढरा फळा लोकांसमोर ठेवू नका. त्याला कडा नसतात, कुठूनही कुठेही सरकतो आणि फोनवरून आलेला माणूस दोन मिनिटांत हरवतो. मी डावीकडून उजवीकडे सहा चौकटी काढते आणि त्यांना मोठे आकडे देते. एक, ओळखीची. दोन, लिहिण्याची. तीन, गट पाडण्याची. चार, टिकल्यांची. पाच, निर्णयाची. सहावी नुसती "नंतर बोलू" म्हणून, विषयाबाहेरचं पण महत्त्वाचं काही निघालं तर तिथे ठेवायला. प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर तिथे काय करायचं ते एका वाक्यात लिहिते. वीज गेली आणि माणूस दहा मिनिटांनी परत आला, तर मला न विचारता त्याला कळलं पाहिजे की आपण कुठे आहोत.

अक्षर मोठं ठेवा. लॅपटॉपवर छान दिसणारा फळा फोनवर मुंग्यांसारखा दिसतो. आमचे सहा जण फोनवरून येतात, त्यामुळे प्रत्येक चौकट मी स्वतःच्या फोनवर उघडून पाहते. वाचायला दोनदा बोटं ताणावी लागली तर मजकूर कमी करते.

चौकटी, शीर्षकं, रेघा हे सगळं लॉक करा. आमच्या तिसऱ्याच कार्यशाळेत कुणाच्या तरी अंगठ्यानं मागची अख्खी चौकट उचलली गेली आणि तीसेक चिठ्ठ्या विखुरल्या. ज्याच्या हातून झालं तो माणूस पुढचा तासभर फळ्याला हात लावेना. नुकसान चिठ्ठ्यांचं नव्हतं झालं, त्या दहा मिनिटांत लागल्या. माणूस मात्र त्या दिवसापुरता गेला. म्हणून मी आता फळ्याची एक प्रतही आधीच काढून ठेवते आणि सुरुवातीलाच सांगते की काही मोडलं तरी दुसरा फळा तयार आहे, बिनधास्त हात लावा. मागे घेण्याच्या बटणावर विसंबू नका. ते साधारणपणे ज्याचं त्याचंच काम मागे घेतं, दुसऱ्याचं नाही.

लिहिण्याच्या चौकटीत प्रत्येकासाठी एक छोटा चौकोन आणि त्यात पाच कोऱ्या चिठ्ठ्या आधीच ठेवून द्या. नवी चिठ्ठी कशी काढायची हे शिकवण्यात वेळ जात नाही. माणूस चिठ्ठीवर दोनदा बोट टेकवतो आणि लिहायला लागतो. कोरी चिठ्ठी आपली वाट पाहते आहे असं दिसलं की लिहावंसंही वाटतं.

साधन कोणतं?

यावर लोक फार वेळ घालवतात. मीरो, म्युरल, फिगजॅम, मायक्रोसॉफ्ट व्हाइटबोर्ड, एक्सकॅलिड्रॉ, यांतलं कुठलंही चालतं. आम्ही आधी गूगलचा जॅमबोर्ड वापरायचो. ती सेवा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाली. आम्ही त्याआधीच सगळ्या फळ्यांच्या पीडीएफ काढून ठेवल्या आणि तेव्हापासून दर कार्यशाळेनंतर त्याच दिवशी पीडीएफ काढायची सवय लागली. आता मीरो वापरतो. त्याच्या मोफत योजनेत तीनच फळ्यांवर काम करता येतं, म्हणून जुना फळा पीडीएफ करून पुसायचा आणि तोच पुन्हा वापरायचा. निवडताना मी चार गोष्टी पाहते: लिंकवरून फोनवर उघडतो का, मराठी नीट उमटते का, घड्याळ आहे का, लॉक करता येतं का. आणि हे पाहायचं ते टीममधल्या सगळ्यात साध्या फोनवर. माझ्या लॅपटॉपवर तर काहीही चालतं.

दोन माणसं लागतातच

एकानं बोलायचं, दुसऱ्यानं फळा सांभाळायचा. एकट्यानं दोन्ही करू नये. बोलताना माझं लक्ष माणसांकडे असावं लागतं: कोण बराच वेळ गप्प आहे, कुणाचा आवाज तुटतोय, कोण काहीतरी म्हणता म्हणता थांबलं. त्याच वेळी चिठ्ठ्या सरळ करणं जमत नाही. आमच्याकडे हिशेब बघणारा मुलगा फळा सांभाळतो. त्याला शेतीतलं फारसं माहीत नाही आणि याचा फायदाच होतो, कारण तो लोकांच्या चिठ्ठ्यांत आपली भर घालत नाही. फळ्याचे पूर्ण अधिकार त्यालाही देऊन ठेवलेत. माझ्याकडची वीज गेली तर कार्यशाळा थांबत नाही.

ज्यांच्याकडे नेटची रेंज अगदीच नाही, त्यांच्यासाठी वेगळा रस्ता ठेवा. सेनगावचे दादा कधीकधी साध्या फोनच्या कॉन्फरन्स कॉलवर येतात, कागदावर लिहितात, फोटो काढून त्या मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि तो त्यांच्या शब्दांत, एक अक्षर न बदलता, चिठ्ठ्या तयार करतो. एक अक्षर न बदलता हे मी त्याला बजावून सांगितलं आहे. "लोकं म्हणत्यात बगू" असं आलं तर फळ्यावर तसंच यायला हवं. त्याचं "शेतकऱ्यांचा प्रतिसाद सकारात्मक नाही" असं केलं की त्या चिठ्ठीतला माणूसच नाहीसा होतो.

सरावाची दहा मिनिटं

कार्यशाळेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी लिंक पाठवते आणि पहिल्या चौकटीत एक सोपं काम देते. एप्रिलमध्ये विचारलं होतं: आज तुमच्याकडे दुपारी जेवायला काय होतं? प्रत्येकानं एक चिठ्ठी लिहायची, ती उचलून आपल्या तालुक्याच्या नावाखाली ठेवायची आणि दुसऱ्या कुणाच्या तरी चिठ्ठीवर एक टिकली लावायची. लिहिणं, हलवणं, टिकली लावणं या तीन हालचाली जमल्या की पुढचं सगळं जमतं. ज्याला जमत नाही त्याला तेव्हाच फोन करून शिकवता येतं, सगळ्यांसमोर नाही. वयानं मोठ्या माणसांच्या बाबतीत ही गोष्ट फार जपावी लागते.

मराठी टाइप करण्याची भीतीही याच वेळी घालवा. फोनच्या जीबोर्डवर मराठी घेतली की रोमन अक्षरांत "perni" लिहून "पेरणी" उमटवता येतं, किंवा माइकचं बटण दाबून नुसतं बोलता येतं. रिसोडच्या ताई सगळ्या चिठ्ठ्या बोलूनच लिहितात. फक्त बैठकीतला आपला आवाज आधी बंद करायचा. आणि ज्यांना रोमन अक्षरांतच मराठी लिहायची आहे त्यांना तशी लिहू द्या. शुद्धलेखन तपासलं जाणार नाही हे स्पष्ट सांगा आणि खरोखरच तपासू नका. मी एकदा एका चिठ्ठीतला ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यांसमोर नीट केला होता. त्या माणसानं त्या दिवशी दुसरी चिठ्ठी लिहिली नाही.

सात मिनिटं कुणीही बोलायचं नाही

हा कार्यशाळेचा गाभा आहे. प्रश्न वाचायचा, घड्याळ सात मिनिटांवर लावायचं आणि सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, पूर्ण वाक्यात. "वेळ" एवढाच शब्द लिहिला तर कुणाचा वेळ, कधीचा, काहीच कळत नाही. "मे महिन्यात घरात लग्न होतं, पोतं उघडायला कुणी मोकळं नव्हतं" असं लिहिलं की कळतं.

गप्प बसून लिहिण्यावर माझा इतका भर का, ते सांगते. येल विद्यापीठातल्या टेलर, बेरी आणि ब्लॉक या तिघांनी १९५८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार जणांचे काही गट एकत्र बसून मोठ्यानं कल्पना सुचवत होते. दुसरीकडे लोक एकेकटे बसून लिहीत होते आणि मग चौघाचौघांच्या कल्पना एकत्र मोजल्या. एकेकट्या बसलेल्यांच्या कल्पना जास्त निघाल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबं यांनी यामागचं मोठं कारण दाखवलं: एक बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं आणि थांबता थांबता सुचलेलं निसटून जातं. आमच्या बैठकांत हे रोज घडत होतं. त्यात आमच्याकडे वय, हुद्दा आणि बाई-पुरुष यांचंही ओझं. सर बोलले की त्यांच्याविरुद्ध कोण बोलणार?

म्हणून सरांना मी आदल्या दिवशी फोन करते. "सर, चिठ्ठ्या लिहा, पण बोलायचं सगळ्यात शेवटी." आमचे सर हे मनापासून पाळतात. तुमचे साहेब पाळत नसतील तर त्यांना लिहिण्याच्या वेळेनंतर बोलवा. कर्सरजवळ नाव दिसत असेल तर तेही बंद करून ठेवा, नाहीतर साहेबांचा बाण ज्या चिठ्ठीपाशी थांबतो तीच सगळ्यांना महत्त्वाची वाटायला लागते. काही साधनांत लिहिताना दुसऱ्याच्या चिठ्ठ्या झाकता येतात. ती सोय असेल तर जरूर वापरा.

तिसऱ्या मिनिटाला सगळ्यांचे हात थांबतात. फळ्यावर काही हलत नाही. सूत्रधाराला वाटतं संपलं, आता बोलूया. नाही, थांबा. पहिल्या तीन मिनिटांत ओठांवरचं येतं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. चौथ्या-पाचव्या मिनिटाला माणूस त्या एका घराच्या दारात जाऊन उभा राहतो आणि मग खरं काहीतरी लिहितो. मी त्या वेळी माझा माइक बंद करते, म्हणजे माझ्याकडूनही काही निघत नाही.

टीम फारच लाजरी असेल तर एक वेगळा प्रकार आहे, जर्मनीत बर्न्ड रोरबाख यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस मांडलेला. सहा माणसं, प्रत्येकानं तीन कल्पना, पाच मिनिटं. मग कागद शेजाऱ्याकडे जातो आणि तो आधीचं वाचून त्यात आपल्या तीनची भर घालतो. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ कल्पना. ऑनलाइन फळ्यावर यासाठी सहा ओळी आणि तीन रकान्यांचे सहा तक्ते काढायचे आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येकानं पुढच्या तक्त्यावर जायचं. नवं काही सुचवायचं असतं तेव्हा हे फार छान चालतं. अडचण शोधायची असेल तर मात्र मला साधं गप्प लिहिणंच बरं वाटतं.

गट पाडताना एकटी चिठ्ठी एकटीच राहू द्या

एप्रिलच्या त्या दुपारी सात मिनिटांत ४३ चिठ्ठ्या आल्या. त्या वाचायला दहा मिनिटं दिली, तीही गप्प बसून. मग गट पाडायला सुरुवात केली.

ही पद्धत जपानचे मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला केजे पद्धत म्हणतात. नेपाळमधल्या क्षेत्रकामातल्या ढीगभर नोंदींची संगती लावताना त्यांनी ती घडवली. तिच्यातलं सगळ्यात मोलाचं पथ्य असं की खण आधी ठरवायचे नाहीत. चिठ्ठ्या वाचायच्या, ज्या एकमेकींच्या जवळच्या वाटतात त्या जवळ ठेवायच्या आणि नाव सगळ्यात शेवटी द्यायचं. बहुतेक ठिकाणी उलट होतं. "निधी", "मनुष्यबळ", "जनजागृती" असे खण आधीच आखतात आणि चिठ्ठ्या त्यांत कोंबतात. मग फळ्यावर तेच उरतं जे बैठकीआधी माहीत होतं.

आमच्या फळ्यावर काय झालं ते सांगते. लग्नसराईच्या चिठ्ठ्या एकत्र आल्या. "शेतीशाळा जूनमध्ये सुरू झाली, तोवर पेरणीची घाई" अशा अर्थाच्या सहा-सात एकत्र आल्या. "बाजारातलं पिशवीबंद बियाणं घेतलं, मग चाचणी कशाला" हा एक ढीग झाला. उजव्या कोपऱ्यात खाली एक पिवळी चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं: "बियाणं घरात बाई ठेवते. चाचणी आपण दादांना शिकवली."

कुणीतरी ती उचलून "लोकांना माहिती कमी पडली" या ढिगात टाकली. वाईट हेतूनं नव्हे, तिथे ती बसतेय असं वाटलं म्हणून. फळा सांभाळणाऱ्या मुलानं मला बाजूला निरोप पाठवला: "ताई, ही यात जात नाही वाटतं." मी ती पुन्हा बाहेर काढायला सांगितली आणि सगळ्यांना म्हटलं, ज्यांनी ही लिहिली त्यांना सांगावंसं वाटलं तर सांगा, नाही वाटलं तर ही इथेच एकटी राहील. मग मी थांबले. दहा-बारा सेकंद कुणी बोललं नाही. अशा वेळी दहा सेकंद फार मोठे असतात. त्यानंतर कळंबच्या ताईंचा माइक उघडला.

त्या चार वर्षं आमच्याबरोबर आहेत आणि बैठकीत त्यांनी सलग दोन वाक्यं बोललेली मी ऐकली नव्हती. त्या म्हणाल्या, पेरणीसाठी ठेवलेलं सोयाबीन कुठल्या पोत्यात आहे ते घरात बाईलाच माहीत असतं. ते पोतं आपटायचं नाही, त्याच्यावर दुसरं रचायचं नाही, ओल लागू द्यायची नाही, हे सगळं तीच बघते. दादा शेतीशाळेतून चाचणी शिकून येतात, घरी सांगायला विसरतात, आणि पोतं उघडतं ते थेट पेरणीच्या सकाळी. "तिला शिकवलं असतं तर तिनं मे महिन्यातच शंभर दाणे मोजले असते."

त्यानंतर फळ्यावर कुणी चिठ्ठी हलवली नाही. सेनगावचे दादा म्हणाले, आमच्याकडेही असंच आहे.

गटांना नावं देताना एका शब्दाचं नाव देऊ नका, वाक्य लिहा. "महिला सहभाग" असं नाव दिलं असतं तर ती गोष्ट आमच्या प्रत्येक अहवालात आधीपासूनच होती. आम्ही लिहिलं: "ज्यांच्या हातात पोतं आहे त्यांना आपण शिकवलं नाही." हे वाचून पुढे काय करायचं ते आपोआप सुचतं.

टिकल्या

प्रत्येकाला तीन टिकल्या. गटांची नावं एकदा मोठ्यानं वाचायची, मग दोन-तीन मिनिटांत टिकल्या लावायच्या. मतदानाची सोय असेल तर सगळ्यांची संपेपर्यंत आकडे झाकून ठेवा, नाहीतर पहिली टिकली जिथे लागते तिकडेच बाकीच्या जातात. टिकल्यांनी निर्णय होत नाही हे आधीच सांगा. उरलेल्या वेळात कशावर बोलायचं एवढंच त्यांनी ठरतं. मोजून झाल्यावर मी तालुक्यातल्या पाच जणांना एकच विचारते: कमी टिकल्या पडलेल्यांतलं काही आज सुटू नये असं वाटतं का? त्यांनी बोट ठेवलं तर ते यादीत येतं, मोजणी काहीही सांगो. गावात तेच जातात.

निर्णयाची चौकट

चार रकाने: काय, कोण, कधीपर्यंत, कसं कळेल. "कोण" मध्ये एकाच माणसाचं नाव. "टीम" असं लिहिलं की ते काम कुणाचंच नसतं. "कधीपर्यंत" मध्ये तारीख. चौथा रकाना लोक टाळतात आणि माझा आग्रह तिथेच असतो. काम झालं हे आपल्याला कशावरून दिसेल? आमची पहिली ओळ अशी होती: मेच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक तालुक्यात निदान चार बचत गटांच्या बैठकीत, बायकांनी आणलेल्या घरच्या बियाण्याची चाचणी तिथल्या तिथे मांडायची. कोण, तर त्या-त्या तालुक्याच्या समन्वयकाचं नाव. कसं कळेल, तर उघडलेल्या गोणपाटाचा फोटो आणि मोजलेला आकडा, याच फळ्यावर.

सगळं मिळून दोन तास लागतात. स्थिरस्थावर व्हायला दहा मिनिटं, लिहायला सात, वाचायला दहा, गट पाडायला वीस, मग दहा मिनिटांचा चहा, टिकल्यांना पाच, चर्चेला अर्धा तास, निर्णयांना वीस मिनिटं आणि आठ-दहा मिनिटं हातची. आम्ही दुपारी अडीचला सुरू करतो. एप्रिलच्या उन्हात त्या वेळी शेतावर कुणी नसतं, त्यामुळे कामही बुडत नाही. कॅमेरे बंद ठेवतो, डेटा वाचतो आणि फळ्याकडे लक्ष राहतं. दोन तासांच्या पुढे जाऊ नका. उरलं तर दुसऱ्या दिवशी अर्धा तास घ्या.

कार्यशाळा संपल्यावर

त्याच संध्याकाळी निर्णयाच्या चौकटीचं एक चित्र काढून व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाका. फक्त त्या चौकटीचं. अख्ख्या फळ्याचं चित्र फोनवर कुणी वाचत नाही. फळ्याची लिंक "फक्त पाहता येईल" अशी करून ठेवा, कारण एखाद्या लिंकचा प्रवास कुठवर होईल सांगता येत नाही. याच कारणानं शेतकऱ्यांचे फोन नंबर, आधार, सातबारा यांतलं काहीही फळ्यावर येऊ देऊ नका. "एक घर डोळ्यांसमोर आणा" म्हणताना मी लगेच सांगते, घराचं नाव लिहायचं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी त्याच फळ्यावर वीस मिनिटांची बैठक घ्या. नवा फळा नको, जुनाच उघडा, म्हणजे आपणच लिहिलेलं समोर असतं.

आमची ती बैठक मेच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. पुन्हा दुपारी अडीच. फळा उघडला तर पाचव्या चौकटीत, चौथ्या रकान्यात, कळंबच्या ताईंनी आदल्या रात्रीच एक फोटो ठेवलेला होता. फरशीवर उघडलेलं गोणपाट, दहा ओळी, काही दाण्यांना पांढरे कोंब, काही तसेच. बाजूला बांगड्या घातलेला एक हात, बोट सातव्या ओळीवर. खाली चिठ्ठी, बोलून लिहिलेली, त्यामुळे विरामचिन्ह एकही नाही: "चौसष्ट उगवले त्यांनी स्वतः मोजले एकरी बियाणं वाढवून टाकायचं ठरलं आहे पुढच्या मंगळवारी शेजारचा गट बोलवतोय".